गाद्या वाहून ध्वनीचे गणित मांडणारा प्राध्यापक

१/ संगीत ऐकण्यासाठी रसिक घरात स्वतंत्र खोली सजवतो, उत्तम स्पीकर आणतो. तरीही स्वर एकमेकांत मिसळतात आणि तबल्याचे बोल अस्पष्ट होतात. दोष बहुधा यंत्राचा नसतो, खोलीचा असतो. हा दोष मोजता येतो, हे प्रथम सिद्ध केले वॉलेस क्लेमंट सेबिन यांनी.

२/ साल १८९५. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी वास्तू उभी राहिली. तिच्यातील व्याख्यानगृह मात्र निरुपयोगी ठरले. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्यात वक्ता पुढचे दहा-बारा शब्द बोलून जाई आणि श्रोत्यांच्या कानी केवळ गोंगाट पडे.

३/ विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम पदार्थविज्ञानाचे अवघ्या सत्तावीस वर्षांचे प्राध्यापक सेबिन यांच्याकडे सोपवले. त्या काळी सभागृहाचा आवाज चांगला निघणे हा नशिबाचा भाग मानला जाई. खात्रीचा नियम कोणाहीपाशी नव्हता.

४/ सेबिन यांची साधने साधी होती : ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदणारे यंत्र आणि स्वतःचे कान. जवळच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या ते मध्यरात्रीनंतर साहाय्यकांसह वाहून आणत, दालनात टप्प्याटप्प्याने मांडत आणि नाद विरायला लागणारा वेळ मोजत. उजाडण्यापूर्वी गाद्या परत जागेवर! प्रयोग रात्रीच, कारण दिवसा रस्त्यावरचा कोलाहल आड येई.

५/ गाद्या वाढल्या तसा नाद आटला. आसने, जमीन, मागची भिंत, सारे झाकल्यावर साडेपाच सेकंदांचे अंतर एका सेकंदाहून थोडे अधिक इतके उरले. मात्र एक घोटाळा लक्षात आला. प्रयोगकर्त्याच्या अंगावरचे कपडेही ध्वनी शोषतात! सेबिन यांनी आपली हजारो निरीक्षणे बाद केली आणि पुढे प्रत्येक वेळी तोच पोशाख घालून नव्याने आरंभ केला.

६/ १८९८ मध्ये आकड्यांमागचा नियम उलगडला. नाद टिकण्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. शोषणाचे माप होते उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परतत नाही. आज मीटरमध्ये हे सूत्र असे मांडतात : काळ = ०.१६१ × घनफळ ÷ शोषण. काळ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहा लाखाव्या हिश्शावर येण्यास लागणारे सेकंद.

७/ या नियमाच्या बळावर सेबिन यांनी बोस्टन सिंफनी हॉलच्या रचनेत सल्ला दिला. १५ ऑक्टोबर १९०० रोजी तो खुला झाला. शास्त्रीय ध्वनिगणिताच्या आधारे आखलेले हे पहिले संगीतगृह आजही जगातील श्रेष्ठ सभागृहांत गणले जाते.

८/ आता घरची खोली पाहू. पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच. घनफळ ६० घनमीटर. भिंती उघड्या असून एकूण शोषण ५ चौरस मीटर असेल, तर नाद सुमारे १.९ सेकंद टिकेल. जाड गालिचा, गाद्या-लोड, पडदे, पुस्तकांची कपाटे यांनी शोषण २० वर नेले, तर काळ अर्ध्या सेकंदाच्या आत येतो.

९/ पण एक सावधगिरी हवी. वेगवेगळ्या उंचीच्या स्वरांवर पुढे केलेल्या प्रयोगांत सेबिन यांना दिसले की एकच वस्तू सर्व स्वर सारखे शोषत नाही. पातळ पडदा वरचे स्वर गिळतो, खर्ज मात्र तसाच घुमतो. पडद्यांनी भरलेली खोली म्हणून निस्तेज वाटते. खर्ज आवरण्यास जाड थर लागतो आणि लहान खोलीत स्पीकरची व आसनाची जागा सरकवून पाहावी लागते.

१०/ १९१९ मध्ये सेबिन यांचे निधन झाले. शोषणाच्या एककाला आज ‘सेबिन’ म्हणतात. फॉगचे ते सदोष दालन पुढे पाडले गेले. पण त्याच्या दोषातून जन्मलेला नियम प्रत्येक संगीतगृहात आणि रसिकाच्या लहानशा खोलीतही लागू आहे.