समुद्राच्या पाण्यातून यकृताकडे

हिपॅटायटिस बी किंवा सी वर्षानुवर्षं अंगात राहिला की यकृतात तंतूंचं जाळं धरू लागतं. ते किती वाढलंय हे आता सुई न टोचता एमआरआयवर मोजता येतं. एमआर इलास्टोग्राफी नावाच्या या तपासणीची कुळकथा सहसा वैद्याच्या हातापासून सांगतात: आजारी यकृत बरगडीखाली कडक लागतं, पुढे तोच कडकपणा यंत्राने मोजला. मला हे कूळ अपुरं वाटतं. माझ्या मते मूळपुरुष समुद्रात सापडतो.

1960 मध्ये अर्विन हान या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्चमध्ये एक लेख लिहिला. विषय होता समुद्राच्या पाण्याची हालचाल अणुकेंद्रांवरून ओळखण्याचा. पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखी घुमतात. क्षेत्र जोरकस असेल तिथे भरभर, कमी असेल तिथे सावकाश. म्हणून एका टोकाकडून दुसरीकडे क्षेत्र बदलत नेलं आणि पाणी सरकलं, तर त्या केंद्रकांचं घुमणं शेजाऱ्यांच्या मानाने पुढे किंवा मागे पडतं. हा फरक मोजला की वेग हाती येतो.

यकृताच्या तपासणीतही नेमकं हेच चालतं. रुग्णाच्या उजव्या बरगड्यांवर प्लास्टिकची एक चपटी डबी पट्ट्याने बांधतात. तिला जोडलेली नळी भिंतीतून बाहेर जाते आणि तिथल्या स्पीकरसारख्या यंत्रातून हवेचे धक्के येतात, सेकंदाला 60. लोहचुंबक असलेलं हे यंत्र एमआरआयच्या खोलीत नेता येत नाही, म्हणून एवढी लांब नळी. रुग्ण श्वास सोडून थांबतो. यकृतातून लाटा जातात आणि एमआरआयच्या क्षेत्राचा उतार त्याच तालात उलटसुलट होतो. लाटेने पेशी मायक्रोमीटरपेक्षाही कमी हलल्या तरी केंद्रकांच्या घुमण्यात ते उमटतं. मऊ यकृतात लाट आखूड, दोन-अडीच सेंटिमीटरची. सिरॉसिसच्या यकृतात ती जवळपास दुप्पट लांब. लांबीवरून वेग, वेगावरून कडकपणा.

ही युक्ती 1995 मध्ये सायन्स नियतकालिकात आली, मिनेसोटातल्या रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमधून. पहिले लेखक राजा मुथुपिल्लै, ज्येष्ठ संशोधक रिचर्ड एहमन.

वैद्याच्या हातापासून निघालेलं प्रतिस्पर्धी कूळही दुबळं नाही. त्याआधीच न्यूयॉर्क राज्यातल्या दुसऱ्या रोचेस्टरमध्ये लर्नर आणि पार्कर ऊतींना बाहेरून कंप देऊन ते डॉप्लर सोनोग्राफीने बघत होते. 1991 मध्ये ह्यूस्टनच्या ओफिर यांनी इलास्टोग्राफी हे नाव रूढ केलं. कंप द्यायची कल्पना सोनोग्राफीच्या घराण्यातून आली, हे मी मान्य करतो. पण कंप वाचायचा कसा, हा इथला खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर हानच्या लेखात आहे. मधला दुवा म्हणजे पॉल मोरान: 1982 मध्ये त्यांनी हेच तत्त्व शरीरातल्या प्रवाहाचा वेग टिपायला मांडलं. शिवाय एहमन 1980च्या दशकात श्वासाच्या हालचालीने एमआरआय चित्र बिघडतं त्यावर इलाज शोधत होते. हालचाल चित्रात कुठे आणि कशी शिरते हे ज्याने इतकं बारकाईने पाहिलं, त्याला ती मोजायची कल्पना सुचली असणार, असा माझा ठाम तर्क आहे.

पुढे ही युक्ती यकृतावर आली. 2007 मध्ये मेयोच्याच गटाने 35 निरोगी आणि यकृताचा जुना आजार असलेले 50 जण तपासून 2.93 किलोपास्कल ही सीमा सुचवली. बायोप्सीत यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग हाती येतो. इथे मोठा भाग एका बैठकीत दिसतो. पोटात पाणी भरलं तर सोनोग्राफीच्या लाटांनी कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन अडतो, ही तपासणी बहुधा अडत नाही. मात्र कडकपणाचं कारण प्रत्येक वेळी तंतूच असतात असं नाही. सूज असली किंवा नुकतंच जेवण झालं असलं तरी आकडा चढतो, म्हणून काही तास उपाशी ठेवतात.

यकृतात लोह साठलेलं असलं की मात्र नेहमीची पद्धत फसते. लाट नीट जाते, पण केंद्रकांचा संदेशच लवकर विझतो. हातातून आलेल्या कुळाला ही उणीव समजावता येत नाही, हानच्या कुळाला येते. तिथे उपाय म्हणून स्पिन एको वापरतात, म्हणजे विस्कटलेली केंद्रकं पुन्हा एका तालावर आणायची रीत. ती 1950 मध्ये शोधली हान यांनीच.