प्लेगनंतरची सुरत : एका नगरप्रशासनाची कथा

मराठी माणसाला सुरत प्रथम भेटते ती शिवचरित्रात. १६६४ आणि १६७० या दोन स्वाऱ्यांमुळे हे नाव आपल्या शालेय इतिहासात कायमचे कोरले गेले. जैन समाजाला तापीतीरावरील हे बंदर आणखी एका कारणाने परिचित आहे. सतराव्या शतकातील भारताच्या अग्रगण्य धनिकांमध्ये ज्यांची गणना होत असे, ते श्रावक व्यापारी वीरजी व्होरा याच सुरतेचे. १६६४च्या स्वारीत त्यांचीही मोठी हानी झाली. तथापि सुरत पुन्हा उभी राहिली. लुटीतून, पुरातून, आगीतून पुन्हा उभे राहणे हा जणू या नगराचा स्वभावच आहे. परंतु १९९४ साली तिच्यावर आलेले संकट बाहेरून आलेले नव्हते. ते तिच्या स्वतःच्या गल्लीबोळांत, तुंबलेल्या गटारांत आणि न उचललेल्या कचऱ्यात वाढले होते.

सुरतेची नगरपालिका १८५२ची आणि महानगरपालिका १९६६ची. हिरे आणि यंत्रमाग या दोन व्यवसायांनी शहराला अपार समृद्धी दिली. १९५१ साली सव्वादोन लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १९९१पर्यंत सुमारे पंधरा लाखांवर गेली. ओडिशा, उत्तर प्रदेश, सौराष्ट्र आणि आपल्या खानदेशातून कामगारांचे लोंढे आले. उधना, लिंबायत या भागांत आजही अहिराणी आणि मराठी सहज कानी पडते. माणसे आली, पैसा आला. परंतु त्या प्रमाणात नळ, गटारे व शौचालये आली नाहीत. समृद्ध शहर आणि अस्वच्छ शहर अशी सुरतेची दुहेरी ख्याती झाली.

१९९४च्या पावसाळ्यात तापीला पूर आला. सखल वस्त्यांत पाणी साचले, मेलेली जनावरे कुजत पडली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोड परिसरातून फुप्फुसाच्या प्लेगच्या बातम्या आल्या आणि शहराचा धीर सुटला. त्याआधी ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगची शंका व्यक्त झालीच होती. काही दिवसांतच लाखो लोकांनी मिळेल त्या गाडीने सुरत सोडली. औषधांची दुकाने रिकामी झाली. कित्येक खासगी डॉक्टरही निघून गेले. देशभरातील बळींची संख्या पन्नासच्या थोडी वर होती. म्हणजे रोगापेक्षा भयाचा संसर्ग अधिक वेगवान ठरला. परदेशांनी विमानसेवा थांबविली, भारतीय मालावर निर्बंध घातले. एका शहराच्या कचऱ्याची किंमत साऱ्या देशाने मोजली.

साथ ओसरली, परंतु शहर पूर्वीसारखेच राहिले. मे १९९५मध्ये एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले आणि येथून खऱ्या अर्थाने परिवर्तनास प्रारंभ झाला. रावांनी नवा कायदा आणला नाही, की बाहेरून कोणी जादूगार बोलावला नाही. हाती होता तो १९४९चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. ज्याच्या आधारे महाराष्ट्रातील अनेक महापालिकाही चालत, तोच! कर्मचारीही तेच, पगारही तोच. बदलली ती कार्यपद्धती.

त्यांनी शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला आयुक्ताचे बहुतांश प्रशासकीय व आर्थिक अधिकार सुपूर्द केले. साधी गटार दुरुस्त करण्यासाठी मुख्यालयाकडे धाव घेण्याचे कारण उरले नाही आणि 'वरून मंजुरी आली नाही' ही सबबही उरली नाही. दुसरे सूत्र 'ए.सी. ते डी.सी.' या नावाने प्रसिद्ध झाले : वातानुकूलित खोलीतून दैनंदिन कामाकडे. सर्व वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सकाळचे काही तास प्रत्यक्ष रस्त्यावर घालवायचे आणि नंतर एकत्र बसून त्या दिवसाचा हिशेब द्यायचा, असा नेम ठरला. आयुक्त स्वतःही याला अपवाद नव्हते.

मुख्य रस्त्यांची सफाई रात्री होऊ लागली. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यास जागीच दंड, पुन्हा टाकल्यास दुप्पट. झोपडपट्ट्यांत फरसबंदी, गटारे, नळ व शौचालये आली. रुग्णालये आणि प्रयोगशाळांकडून तापाच्या रुग्णांची माहिती रोजच्या रोज मागविली जाऊ लागली, जेणेकरून साथ पसरण्यापूर्वीच तिचे ठिकाण कळावे. १९९६ साली 'इंटॅक' या संस्थेने चंदीगडनंतर देशातील दुसरे स्वच्छ शहर म्हणून सुरतेचे नाव घेतले. दोन वर्षांपूर्वी जिला सोडून लोक पळत होते, ती हीच सुरत!

या कथेची एक कठोर बाजूही सांगितली पाहिजे. रस्ते रुंद करताना अतिक्रमणे पाडली गेली. त्यांत धनवंतांच्या इमारतीही होत्या; किंबहुना प्रारंभ प्रभावशाली लोकांपासून झाल्यामुळेच सामान्यांचा विश्वास बसला. तरीही ज्यांचे छोटे दुकान गेले, त्यांचे दुःख खोटे नव्हते. अधिकाराचा दंडुका किती आणि कोठवर चालवावा, हा प्रश्न प्रत्येक सुधारणेच्या वाटेवर उभा असतो. सुरतकरांनी तो दंडुका सहन केला, कारण तो सर्वांवर सारखा पडताना त्यांनी पाहिला.

खरी कसोटी पुढे होती. सुमारे अडीच वर्षांनी रावांची बदली झाली. आता सारे पूर्ववत होणार, अशी भीती अनेकांना वाटली. माणूस गेला की कामही जाते, हा आपला नेहमीचा अनुभव. परंतु येथे कामाची जबाबदारी विभागाविभागांत वाटली गेली होती आणि स्वच्छ रस्त्याची सवय नागरिकांनाही लागली होती. ऑगस्ट २००६मध्ये तापीच्या महापुराने शहराचा फार मोठा भाग बुडाला. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि सर्वत्र चिखल माजला. १९९४पेक्षा कितीतरी मोठा पूर. तरीही त्यामागोमाग प्लेगसारखी साथ आली नाही, कारण सफाई आणि रोगनिरीक्षणाची यंत्रणा जागी होती. २०२०च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत दुसरी आली आणि २०२३च्या सर्वेक्षणात इंदूरसह तिने प्रथम क्रमांक मिळविला. रावांना जाऊन तोवर पंचवीस वर्षे उलटून गेली होती.

सुज्ञ वाचकहो, पन्नास वर्षांचा टप्पा गाठणाऱ्या कोणत्याही संस्थेने या उदाहरणाकडे आवर्जून पाहावे. संस्थापकांचे कर्तृत्व आपण गौरवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांनी किती अधिकार स्वतःजवळ ठेवले आणि किती इतरांच्या हाती विश्वासाने दिले, हेही तितकेच पाहिले पाहिजे. सुरतेत आयुक्त बदलत गेले, तरी पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या माणसाला आपले काम कोणते आणि त्याचा जाब कोणाला द्यायचा, हे ठाऊक होते. त्या शहराने प्लेगकडून शिकलेला धडा तो हाच.