स्पार्क प्लगचा शोध कोणी लावला, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा

माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांनी पहिल्यांदा पाहिली. घरच्या घरी प्लग बदलायला शिकायचं असेल तर ही गाडी फार सोयीची. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या माथ्यावर चार प्लग ओळीत. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, खळग्यातली धूळ हवेने उडवायची, वायर न ओढता तिची टोपी धरून उपसायची, प्लगच्या पान्याने जुना प्लग सोडवायचा. नवा बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवायचे, पाना शेवटी. प्लगचं अंग पोलादी आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं; आटे वाकडे गेले तर मार मऊ धातू खातो, आणि हेड प्लगपेक्षा कितीतरी महाग!

काम अर्ध्या तासाचं. ते इतकं साधं कसं झालं, हा मला खरा ऐतिहासिक प्रश्न वाटतो. आपण मात्र सवयीने 'पहिला कोण' असं विचारतो, आणि तिथेच अडकतो.

विचारून बघा. १८६० मध्ये एत्येन लन्वार यांच्या गॅस इंजिनात चिनी मातीच्या आवरणातून आलेल्या तारांमध्ये ठिणगी पडत होती. म्हणजे झालं की उत्तर! पण मग १८७६ च्या इंजिनात निकोलाउस ओटो यांनी ठिणगी सोडून उघडी ज्योत का वापरली? डाइमलर यांनी तापवलेली नळी का निवडली? शोध आधीच लागला होता, तरी हुशार माणसं त्याला टाळत होती. 'पहिला कोण' या प्रश्नाकडे याचं उत्तर नाही.

थोडं उत्तर भौतिकशास्त्रात सापडतं. लन्वार यांच्या इंजिनात मिश्रण दाबलं जात नव्हतं. ओटो यांच्या इंजिनात दाबलं जात होतं. ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेज हा वायूचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो, हे फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडलं. इंजिनातल्या परिस्थितीत दाब वाढला की व्होल्टेजही वाढवावा लागतो. त्या काळच्या बॅटऱ्या आणि कॉइल यांच्या भरवशावर ते रोज, धक्के खात, रस्त्यावर जमवणं अवघड होतं. कार्ल बेंझ यांनी १८८६ च्या गाडीत विजेचीच वाट धरली, पण गाडी सुटसुटीत झाली ती १९०२ नंतर. त्या वर्षी रॉबर्ट बॉश यांच्या श्टुटगार्टच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि बॅटरीची गरजच संपवली.

वीज पोचली. आता ती प्लगमधूनच गळू लागली. इथून पुढचा इतिहास विजेचा कमी आणि मातीचा जास्त आहे, आणि तोच भाग लोक वगळतात. चिनी माती तापून तडकायची. केनेल्म ली गिनेस हे शर्यतीत गाड्या पळवणारे ड्रायव्हर प्लगना इतके वैतागले की त्यांनी अभ्रकाच्या चकत्यांचे स्वतःचे प्लग बनवले. त्यांचा केएलजी प्लग नावाजला गेला. याच गिनेस यांनी १९२२ मध्ये ब्रुकलँड्सला सनबीम गाडीतून ताशी १३३.७५ मैलांचा विक्रम केला.

मग १९२३ मध्ये अमेरिकेत शिसेयुक्त पेट्रोल विकायला आलं. त्याने इंजिनाची ठोक थांबली, पण शिशाची संयुगं प्लगच्या नाकावर बसू लागली. तापल्यावर हा थर वीज वाहून नेतो, मग ठिणगी पडायच्या आतच वीज निसटते. अभ्रक शिशापुढे टिकेना. १९३० च्या दशकात भाजून घट्ट केलेला ॲल्युमिना आला. तुमच्या हातातल्या प्लगचा पांढरा भाग तोच. (कप घडवायच्या मातीशी याचा संबंध फक्त दिसण्यापुरता.)

आता जुन्या प्लगचा रंग बघून इंजिनाची तब्येत ओळखायची ती प्रसिद्ध रीत घ्या. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, चकचकीत ओलं काळं म्हणजे ऑइल, तपकिरी म्हणजे उत्तम. पण हे तक्ते बहुतेक शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात तयार झाले, आणि त्या 'उत्तम' तपकिरीत शिशाच्या थराचाही वाटा होता. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. आजच्या निरोगी इंजिनातला प्लग बराच फिकट निघतो. जुन्या पुस्तकातला तक्ता समोर ठेवून कोणी त्याला 'मिश्रण पातळ आहे' म्हणेल, आणि चांगलं चाललेलं इंजिन बिघडवून ठेवेल. म्हणून तक्ता वापरण्याआधी तो कोणत्या साली, कोणत्या इंधनासाठी छापला, ते पान उलटून बघा.