शाळेने तारलेले शहर

मेक्सिको या देशाचे नाव मराठी श्रोत्यांना अगदीच अपरिचित नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी आपल्या दीर्घ देशांतराची पुष्कळ वर्षे तेथे घालविली. चापिंगो येथील कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या, आणि दिएगो रिव्हेरा या थोर भित्तिचित्रकाराचा स्नेह संपादन केला. १९१० साली सुरू झालेल्या क्रांतीतून बाहेर पडलेल्या त्या देशाला शाळांची मोठी निकड होती, आणि अशा कामाला हात लावणाऱ्या परदेशी माणसालाही तेथे जागा होती. त्याच देशात, त्यानंतर थोड्याच वर्षांनी, परदेशी माणसांनीच उभारलेल्या एका शाळेने मरणपंथाला लागलेले एक शहर वाचविले. त्या शहराचे नाव सान मिगेल दे आयेंदे.

राजधानी मेक्सिको सिटीच्या वायव्येस सुमारे पावणेतीनशे किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर, एका टेकडीच्या उतारावर हे शहर वसले आहे. दगडगोट्यांच्या चढउताराच्या गल्ल्या, गेरूच्या आणि हळदीच्या रंगाच्या भिंती, जाड लाकडी दरवाजे, आणि दरवाजा उघडला की आत दिसणारा कारंज्याचा चौक, असे त्याचे रूप आहे. जगाच्या निरनिराळ्या भागांतून लोक येथे आठवडाभरासाठी येतात, आणि त्यांतील पुष्कळ जण पाहण्याइतकेच शिकण्यासाठी येतात. सकाळी स्पॅनिश भाषेचा वर्ग, दुपारी मातीकाम, विणकाम किंवा चित्रकला, उन्हे उतरली की जाणत्या वाटाड्याबरोबर देवळांची आणि वाड्यांची फेरी, आणि एक दिवस जवळच्या आतोतोनिल्को या तीर्थक्षेत्राला जाऊन येणे, असा त्यांचा क्रम असतो. आठ दिवसांच्या अखेरीस पाहुण्याला मोडकेतोडके स्पॅनिश बोलता येऊ लागते आणि गल्ल्यांची नावे पाठ होतात. परंतु एवढ्याशा शहरात इतक्या शाळा कशा आल्या, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी चारशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

इ. स. १५४२ साली फ्राय हुआन दे सान मिगेल या फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूने येथे एक लहानशी वसाहत स्थापन केली. चारच वर्षांनी उत्तरेस साकातेकास येथे रुप्याच्या खाणी सापडल्या, आणि खाणींपासून राजधानीपर्यंत जाणारा मार्ग या भागातून वाहू लागला. हा मुलूख चिचिमेक लोकांचा. आपल्या भूमीतून जाणाऱ्या तांड्यांवर त्यांनी हल्ले चढविले, त्यात ही कोवळी वसाहतही टिकली नाही. १५५५ साली स्पॅनिश सत्तेने ती एल चोर्रो या झऱ्याजवळच्या उंच जागी पुन्हा वसविली आणि तिला ठाण्याचे स्वरूप दिले. रुप्याच्या वाटेचे रक्षण हे या गावाचे पहिले प्रयोजन. त्या झऱ्याखाली कपडे धुण्याच्या दगडी कुंडांची रांग आजही दिसते.

अठराव्या शतकात गावाला भरभराट आली. लोकरीची घोंगडी, चामड्याचे सामान, सुऱ्या-चाकू असा माल येथून खाणींच्या प्रदेशात जाई. दे ला कानाल घराण्यासारख्या धनिकांनी वाडे बांधले, प्रार्थनामंदिरे उभारली. याच घराण्यातील होसेफा लीना या मुलीने आपला वारसा वेचून जोगिणींसाठी एक भव्य मठ बांधण्यास आरंभ केला. गावाबाहेर आतोतोनिल्को येथे पाद्री लुईस फेलिपे नेरी दे आल्फारो यांनी १७४० साली एका पवित्रस्थानाचे बांधकाम सुरू केले, आणि मिगेल आन्तोनियो मार्तीनेस दे पोकासांग्रे या चित्रकाराने त्याच्या भिंती व छते चित्रांनी भरून टाकली.

१७६९ साली याच गावातील एका सधन घरी इग्नासियो आयेंदे याचा जन्म झाला. मेक्सिकोत जन्मलेल्या स्पॅनिश वंशाच्या लोकांना क्रिओल म्हणत. त्यांच्याजवळ पैसा होता, शिक्षण होते, पण राज्यातील वरच्या जागा स्पेनहून आलेल्यांसाठी राखून ठेवलेल्या असत. आयेंदे हा राजाच्या घोडदळात कप्तान होता, आणि त्याच राजसत्तेविरुद्ध चाललेल्या कटात सामील होता. १६ सप्टेंबर १८१० रोजी पहाटे शेजारच्या दोलोरेस गावी पाद्री मिगेल इदाल्गो यांनी बंडाची हाक दिली. जमाव आतोतोनिल्कोला आला, तेथून ग्वादालुपेच्या मातेचे चित्र निशाण म्हणून उचलले गेले, आणि त्याच सायंकाळी बंडखोर सान मिगेलमध्ये शिरले. आयेंदेला शिस्तबद्ध सेना हवी होती. त्याच्या मागे होता तो शतकांच्या उपासमारीने चवताळलेला जनसमुदाय. गावात लूट झाली, ती आवरताना त्याला कष्ट पडले, आणि पुढे इदाल्गोशी त्याचे मतभेद वाढतच गेले. २६ जून १८११ रोजी चिवावा येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचे व त्याच्या सहकाऱ्यांचे शिर ग्वानाहुआतो येथील धान्यकोठाराच्या कोपऱ्यांवर पिंजऱ्यांत टांगण्यात आले, आणि १८२१ मध्ये स्वातंत्र्य मिळेपर्यंत ते तेथेच राहिले. १८२६ साली गावाने त्याचे नाव धारण केले.

नाव मिळाले, वैभव मात्र गेले. युद्धाने खाणी बंद पडल्या, बाजार उठला, कारागीर पांगले. एकोणिसाव्या शतकातील सुधारणा-कायद्यांनी मठ रिकामे केले, आणि होसेफा लीनाच्या मठात पुढे घोडदळाचा तळ पडला. मात्र याच उतरत्या काळात गावाला त्याची सर्वांत ठळक खूण लाभली. मुख्य देवळाचे दर्शनी अंग सेफेरीनो गुतिएर्रेस नावाच्या आदिवासी वंशाच्या गवंड्याने १८८० च्या सुमारास नव्याने रचले. स्थापत्याचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. युरोपातील गॉथिक चर्चांची छापील चित्रे पाहून त्याने आराखडा कल्पिला, आणि वाळूवर काठीने रेघोट्या ओढून तो मजुरांना समजावून दिला, असे सांगतात. गुलाबी दगडाचे ते टोकदार मनोरे कोणत्याही एका शैलीच्या चौकटीत बसत नाहीत. शाळांसाठी नावाजलेल्या या शहराचे मानचिन्ह एका न शिकलेल्या माणसाच्या हातचे आहे.

१९२६ साली मेक्सिकोच्या सरकारने या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. जुन्या वास्तूंना त्यामुळे संरक्षण मिळाले, पण माणसांना काम मिळाले नाही. ओस घरे, पडक्या भिंती आणि निरुद्योगी तरुण अशा स्थितीत गाव असताना, १९३७ साली शिकागोचा एक तरुण तेथे आला. त्याचे नाव स्टर्लिंग डिकिन्सन. पहाटेच्या धुक्यातून वर आलेले देवळाचे मनोरे त्याने पाहिले आणि येथेच राहावयाचे ठरविले. पुढची एकसष्ट वर्षे, १९९८ साली अपघाती मृत्यू येईपर्यंत, ते गाव हेच त्याचे घर होते. पेरू देशातून परागंदा झालेला चित्रकार फेलिपे कोस्सिओ देल पोमार हा त्याच सुमारास तेथे आला. घोडदळाने सोडलेल्या मठात कलाशाळा काढावी ही कल्पना कोस्सिओची. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी तिला पाठिंबा दिला, आणि १९३८ साली शाळा सुरू झाली. व्यवस्थेचा भार डिकिन्सनने उचलला.

आरंभी विद्यार्थी थोडे होते. महायुद्धानंतर चित्र पालटले. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा अमेरिकेने १९४४ साली केला होता, आणि मान्यताप्राप्त परदेशी शाळांतही ते पैसे चालत. १९४८ च्या जानेवारीत लाइफ साप्ताहिकाने या शाळेवर सचित्र लेख छापला. मेक्सिकोत स्वस्तात राहून चित्रकला शिकता येते हे कळताच अर्जांचा लोंढा आला. युद्ध पाहून आलेली माणसे फळे आणि घोडे रंगवू लागली. गावात खानावळी निघाल्या, पडकी घरे दुरुस्त होऊ लागली, गवंडी-सुतारांना काम मिळाले. रुप्याच्या खाणी गेल्यापासून गावाने एवढी वर्दळ पाहिली नव्हती.

याच वेळी शाळेवर आपत्तीही आली. कोस्सिओ पेरूला परतल्यावर शाळा दुसऱ्या चालकाकडे गेली होती. १९४८ मध्ये दाविद आल्फारो सिकेरोस हा चित्रकार तेथे शिकविण्यास आला. रिव्हेरा व ओरोस्को यांच्याबरोबर मेक्सिकोच्या भित्तिचित्रकलेचा हा तिसरा धुरीण. मठाच्या जुन्या भोजनशाळेत विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आयेंदेच्या चरित्रावर चित्र काढावयाचे त्याने ठरविले. भिंती व कमानदार छत यांमधील भेद नाहीसा करणाऱ्या लांब रेषा आखल्या गेल्या, रंगाचे मोठे पट्टे चढले. इतक्यात खर्चावरून त्याचे शाळाचालकाशी भांडण जुंपले. सिकेरोस काम टाकून गेला, शिक्षक आणि विद्यार्थी त्याच्यामागून बाहेर पडले, आणि शाळेची मान्यता गेली. त्यातच साम्यवादाच्या संशयाचे ते दिवस. १९५० च्या ऑगस्टमध्ये डिकिन्सन व काही अमेरिकन सहकाऱ्यांना देशाबाहेर काढण्यात आले. थोड्याच अवधीत त्यांना परत येता आले, परंतु परक्याचे स्थान किती नाजूक असते हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

गावाने शाळेचा नाद सोडला नाही. १९५० सालीच ग्वानाहुआतो राज्याचे माजी राज्यपाल एन्रीके फेर्नान्देस मार्तीनेस व त्यांची पत्नी नेल हॅरिस यांनी, कोस्सिओ आणि डिकिन्सन यांच्या साहाय्याने, दे ला कानाल घराण्याच्या जुन्या वाड्यात ‘इन्स्तितूतो आयेंदे’ ही नवी संस्था काढली. जुना मठ १९६२ साली राष्ट्रीय ललितकला संस्थेच्या हाती आला. आज तो सांस्कृतिक केंद्र म्हणून चालतो, आणि त्याला याच गावी १८१८ साली जन्मलेल्या इग्नासियो रामीरेस या निरीश्वरवादी लेखकाचे नाव आहे. जोगिणींनी जेथे जप केला, घोडदळाने जेथे घोडे बांधले, तेथे एका पाखंडी विचारवंताच्या नावाने माग चालतो आणि वाद्ये वाजतात.

शिकण्यासाठी आलेल्यांपैकी पुष्कळ जण राहूनच गेले. त्यांच्यातील काहींच्या उद्योगातून १९५० नंतरच्या दशकात सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले. या ग्रंथालयाने गावातील सुंदर घरे आणि बागा पाहुण्यांना दाखविण्याचा उपक्रम सुरू केला आणि त्या उत्पन्नातून स्थानिक मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. दुसऱ्याची घरे पाहण्याच्या हौसेतून गरिबाच्या मुलाचे शिक्षण व्हावे, ही कल्पना खास या गावाचीच. १९०२ साली उघडलेली आउरोरा ही सूतगिरणी १९९१ मध्ये बंद पडली, तेव्हा तिच्या दालनांतही कालांतराने चित्रशाळा थाटल्या गेल्या. २००८ साली युनेस्कोने हे शहर आणि आतोतोनिल्कोचे पवित्रस्थान यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

येथवरची कथा यशाची आहे. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शहराच्या मध्यभागातील घरांचे मोल डॉलरांत होऊ लागले, तेव्हा जुन्या कुटुंबांपुढे मोठा मोह उभा राहिला. अनेकांनी घरे विकली आणि ती गावाच्या कडेच्या नव्या वस्त्यांत राहावयास गेली. सकाळी तेथून माणसे मध्यवस्तीत येतात, स्वयंपाक करतात, बागा राखतात, भिंती रंगवितात, आणि संध्याकाळी परत जातात. ज्या चौकात त्यांचे आजोबा खेळले, तो चौक आता पाहुण्यांना दाखविला जातो. शाळा आली नसती तर त्या घरांची ढेकळे झाली असती हे खरे, आणि ती आल्यामुळे घरांचे धनी बदलले हेही तितकेच खरे. यांपैकी एकच सत्य सांगणारा वाटाड्या पाहुण्याला अर्धेच शहर दाखवितो.

म्हणून आठवडाभरासाठी आलेल्या माणसाने मठातील त्या भोजनशाळेत थोडा वेळ उभे राहावे. सिकेरोसच्या रेषा भिंतीवरून छतावर चढतात आणि पुन्हा खाली उतरतात. रंगाचे पट्टे आहेत, वेग आहे, पण ज्याच्यासाठी हे सर्व आरंभिले तो आयेंदे त्यात कोठे आढळत नाही. ज्या वीराचे नाव शहराने घेतले त्याचे चित्र शहराच्या शाळेला पुरे करता आले नाही. ज्या भांडणात ते अडले, ते शाळा कोणाची आणि तेथे कोणाचा शब्द चालावा याचेच भांडण होते. शेजारच्या दालनात गावातील मुले माग चालवीत असतात, आणि त्यांच्यासमवेत एखादा परदेशी पाहुणा चुकीचा धागा ओढून पुन्हा उसवीत बसलेला असतो. त्या एका मागापुढे दोघेही सारखेच शिकाऊ असतात. सान मिगेलची शाळा अजून चालू आहे, तोवर ते अपुरे चित्रही त्या शाळेतील एक धडा म्हणून उरेल.