अंजली भागवत : सिडनीची अंतिम फेरी, मँचेस्टरची चार सुवर्णे

ऑलिम्पिकमधील नेमबाजीची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला, ही अंजली भागवत यांची सर्वपरिचित ओळख. २०००, २००४ आणि २००८ अशा सलग तीन ऑलिम्पिक स्पर्धांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. ऑलिम्पिक पदकाने मात्र त्यांना अखेरपर्यंत हुलकावणी दिली.

५ डिसेंबर १९६९ रोजी मुंबईत जन्मलेल्या अंजली वेदपाठक यांचा रायफलशी संबंध आला तो कीर्ती महाविद्यालयात एनसीसीच्या निमित्ताने. पुढे महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये संजय चक्रवर्ती यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे याही चक्रवर्ती यांच्याच शिष्या. या गुरूचे एप्रिल २०२१ मध्ये करोनाने निधन झाले.

१० मीटर एअर रायफल हा प्रकार वरवर पाहता सोपा वाटतो. ४.५ मिलिमीटरचा छर्रा झाडायचा आणि ज्याचा वेध घ्यायचा तो दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. त्या काळी महिलांना ४० फैरी झाडाव्या लागत; म्हणजे कमाल गुण ४००. पहिल्या आठ जणी अंतिम फेरीत जात आणि तेथील दहा फैरींचे गुण दशांशात मोजून आधीच्या गुणांत मिळवले जात. बर्फावर स्कीइंग करून धापा टाकत नेम धरणाऱ्या बाएथलॉनपटूची कसोटी वेगळी आणि ही वेगळी. येथे जागेवर निश्चल उभे राहायचे आणि हृदयाच्या दोन ठोक्यांमधली उसंत शोधायची.

सिडनीला त्यांना प्रवेश मिळाला तो 'वाइल्ड कार्ड'द्वारे. अशा खेळाडूकडून कोणी फार अपेक्षा ठेवत नाही. १६ सप्टेंबर २००० रोजी त्या स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक याच प्रकारात ठरणार होते आणि अंतिम आठ जणींत वेदपाठक हे नाव होते. त्या आठव्या आल्या. अमेरिकेच्या नॅन्सी जॉन्सन यांनी ४९७.७ गुणांसह सुवर्ण जिंकले. कोरियाच्या कांग चो-ह्यून केवळ ०.२ गुणाने मागे राहिल्या. आठवा क्रमांक पदकतक्त्यात दिसत नाही. तरीही त्या दिवसाचे महत्त्व कमी लेखता येत नाही. परदेशी नेमबाजांच्या पंक्तीला बसण्याची आपली ऐपत आहे, हे देशातील मुलींना त्या दिवशी समजले. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

विवाहानंतर त्या पुणेकर झाल्या आणि भागवत या नावाने खेळू लागल्या. २००२ हे त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च वर्ष. मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी चार सुवर्णपदके पटकावली. एअर रायफल आणि ५० मीटर थ्री पोझिशन या दोन्ही प्रकारांत त्या वैयक्तिक विजेत्या ठरल्या; दुहेरीत सुमा शिरूर आणि राजकुमारी यांच्या साथीने आणखी दोन सुवर्णे आली. थ्री पोझिशनमध्ये गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून असा तिन्ही अवस्थांत नेम साधावा लागतो. एअर रायफलमध्ये वाकबगार असलेल्या प्रत्येकीला ते जमतेच असे नाही. म्युनिक येथे पुरुष आणि महिला एकत्र उतरतात त्या 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' लढतीतही त्यांनी बाजी मारली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. जागतिक क्रमवारीत अव्वल स्थानही त्यांनी त्याच वर्षी गाठले. २००२ साठीचा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार त्यांना धावपटू के. एम. बीनामोल यांच्यासमवेत देण्यात आला.

अथेन्सला २००४ मध्ये चित्र पालटले. अंजली, सुमा आणि दीपाली या तिघी गुरुभगिनी तेथे होत्या, पण एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या त्या एकट्या सुमा शिरूर. त्याही आठव्याच आल्या. २००८ मध्ये बीजिंगला अंजली यांना प्राथमिक फेरी ओलांडता आली नाही. त्याच बीजिंगमध्ये ११ ऑगस्ट रोजी अभिनव बिंद्रा यांनी एअर रायफलमध्येच देशाला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले.

महाराष्ट्राच्या रायफलची पुढची वाटचाल सर्वांसमोर आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. त्यांच्या प्रशिक्षक होत्या दीपाली देशपांडे.