पेपर आधीच फुटलेला होता

परवा मोबाइल घ्यायला बाजारपेठेतल्या दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या पोराने फोन पुढे केला आणि म्हणाला, "काका, अंतुतूला किती लाख येतात बघा." अंतुतू म्हणजे फोनचा वेग मोजणारं ॲप. दहावीच्या पोराचा बाप गुणपत्रिका दाखवतो तसा तो आकडा दाखवत होता.

मला एकदम २००१ आठवलं. पत्रकारितेची पदविका करून नुकताच एका दैनिकात लागलो होतो. ऑफिसला नवा कॉम्प्युटर घ्यायचा होता. संपादकांनी कॉम्प्युटरचं एक इंग्रजी मासिक मागवलं आणि तक्त्यात ज्याची पट्टी सगळ्यात लांब, तोच जमवून घेतला. आमचं काम एकच, पेजमेकरमध्ये श्रीलिपीचा मजकूर घेऊन पान लावणं. पान उघडायला पूर्वीइतकाच वेळ लागायचा! आमची अडचण मेमरीची होती, आणि ती लांब पट्टी होती गेम खेळण्याच्या वेगाची. यात कुणी फसवलं नव्हतं. आम्हीच प्रश्न न वाचता उत्तर विकत आणलं होतं.

पण खरीखुरी फसवणूकही झालेली आहे, आणि तिचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

वेग मोजायचा म्हणजे कॉम्प्युटरला ठरावीक काम द्यायचं आणि घड्याळ लावायचं. याला बेंचमार्क म्हणतात. १९७० च्या दशकात ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतून व्हेटस्टोन नावाची चाचणी आली. १९८४ मध्ये राइनहोल्ड वायकर यांनी ड्रायस्टोन आणली. (एक 'वेट' तर दुसरी 'ड्राय', असा तो शाब्दिक विनोद.) ड्रायस्टोन एवढीशी होती की हुशार कंपायलर तिच्यातलं काही काम सरळ गाळून टाकायचे. कंपायलर म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर. त्याच्या लक्षात यायचं की या आकडेमोडीचं उत्तर पुढे कुणी वापरतच नाही. मग करायची कशाला? वेळ वाचला, गुण वाढले.

तोवर हा इंजिनियर मंडळींचा आपसातला मामला होता. त्याचा बाजार झाला तो मासिकांमुळे. अमेरिकेत पीसी मॅगझिन काढणाऱ्या झिफ-डेव्हिस कंपनीने स्वतःच्या चाचण्या तयार केल्या. त्यातली विंडोजचा वेग मोजणारी विनबेंच फार चालली. मासिकाच्या तक्त्यात वर आलात तर खप, खाली गेलात तर माल गोदामात. चाचणी मात्र सगळ्यांच्या हातात. कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडेही तीच चाचणी, मासिकाकडेही तीच. म्हणजे परीक्षेआधी प्रश्नपत्रिका घरी आलेली.

मग जे व्हायचं ते झालं. हर्क्युलिस कंपनीचं ग्राफाइट नावाचं डिस्प्ले कार्ड होतं. पडद्यावर अक्षरं उमटवण्यात ते विनबेंचमध्ये अफाट गुण मिळवायचं. १९९३ मध्ये इन्फोवर्ल्ड साप्ताहिकाचे स्तंभलेखक स्टीव्ह गिब्सन यांनी त्याचं बिंग फोडलं. विनबेंच अक्षरांच्या चाचणीत जो मजकूर पडद्यावर लिहायची, तो कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये जसाच्या तसा भरून ठेवलेला होता. मजकूर कोणता? चपळ कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो, तोच! आपल्याकडे टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ज्यांनी सकाळी सहाच्या बॅचला बोटं झिजवली, त्यांना तो झोपेतही येतो. त्या कार्डालाही तेवढाच येत होता. तुमचं पत्र, तुमचा हिशेब लिहायला घेतलात की तो वेग गायब.

इथे एक गोष्ट मासिकांच्या बाजूने सांगायला हवी. चोरी पकडली ती त्यांच्यातल्याच माणसाने. २००३ मध्ये थ्रीडीमार्क०३ या चाचणीतली लबाडी पहिल्यांदा दाखवून देणारं एक्स्ट्रीमटेकही झिफ-डेव्हिसचंच होतं. त्या चाचणीत कॅमेरा ठरलेल्या वाटेने फिरायचा. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला ती वाट ठाऊक होती, त्यामुळे कॅमेऱ्याला न दिसणारा भाग तो काढायचाच नाही. तपासणाऱ्यांनी कॅमेरा वाटेवरून हटवला आणि चित्रातली भगदाडं उघडी पडली. चाचणी बनवणाऱ्या फ्युचरमार्कने ती वाट बंद केली तेव्हा जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी उतरले. पुढच्याच महिन्यात दोन्ही कंपन्यांचं संयुक्त निवेदन आलं, की याला फसवणूक म्हणता येणार नाही. हे निवेदन मी दोनदा वाचलं. आमच्याकडे नगरपालिकेच्या चौकशी अहवालाची भाषा अशीच असते.

पेपर कोण काढतो हा प्रश्न त्याहून अवघड. ऑफिसच्या कामाचा वेग मोजणारी सिसमार्क ही चाचणी बॅपको नावाची संस्था काढते. ती कंपन्यांचीच बनलेली, इंटेलही तिचा सदस्य. २०११ मध्ये एएमडी, एनव्हिडिया आणि व्हिया तिच्यातून बाहेर पडल्या. चाचणी एका बाजूला झुकलेली आहे, असं एएमडीचं म्हणणं होतं. पेंटियम ४ च्या जाहिरातीसाठी बेंचमार्कचे आकडे फुगवले, असा एक दावा अमेरिकेत बरीच वर्षं चालला. २०१४ मध्ये इंटेलने आरोप मान्य न करता तडजोड केली आणि पात्र ग्राहकांना प्रत्येकी १५ डॉलर देऊ केले. ही मशीनं विकली गेली होती २००० ते २००२ मध्ये. न्याय मिळेपर्यंत ती बहुधा भंगारात गेली असतील.

मासिकं गेली, आकडे फोनमध्ये आले. २०१३ मध्ये आनंदटेकने दाखवलं की सॅमसंगचा गॅलेक्सी एस४ ठरावीक चाचणी ॲपं ओळखतो आणि तेवढ्यापुरता ग्राफिक्सचा वेग ५३२ मेगाहर्ट्झवर नेतो. एरवीच्या गेमला ४८०. त्यावरचा दावा २०१९ मध्ये १.३४ कोटी डॉलरवर मिटला.

पकडण्याची युक्ती मात्र जुनीच आहे. २००१ मध्ये एटीआयच्या रेडिऑन ८५०० बाबत संशय आला, तेव्हा हार्डओसीपीने क्वेक ३ गेमच्या प्रोग्रामचं नाव बदलून 'क्वॅक' केलं. गेम तोच, पण वेग उतरला आणि चित्र सुधारलं. २०१७ मध्ये वनप्लसच्या फोनवर संशय आला, तेव्हा गीकबेंचवाल्यांनी आपली चाचणी मिनी गोल्फचा गेम असल्याचं भासवून फोनमध्ये टाकली. फोनने ओळखलं नाही, आणि गुण घसरले. परीक्षार्थ्याला कळू द्यायचं नाही की परीक्षा चालू आहे, बस.

दुकानातल्या पोराला यातलं काही सांगितलं नाही, त्याच्यामागे चार गिऱ्हाइकं उभी होती. मराठी कीबोर्ड उघडून दाखव म्हणालो आणि उभ्या उभ्या एक बातमी टाइप करून बघितली. जोडाक्षरं अडकत नव्हती. फोन घेतला.