सातबारा, माळवद आणि संवाद सहायक : किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीतील स्त्रियांचे स्थान

योजना आखताना आणि राबवताना स्त्रियांचे म्हणणे किती धरले गेले, आणि योजनेचा लाभ अखेर कोणाच्या नावावर पडला, या दोन प्रश्नांची एकत्रित तपासणी म्हणजे नियोजनातील स्त्री-पुरुष समतेचे मूल्यमापन. मराठवाड्यात हे प्रश्न अभ्यासवर्गातून आले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर यांच्या परिसरात जो भूकंप झाला त्याच्या ढिगाऱ्यातून ते वर आले. सुमारे आठ हजार माणसे त्यात दगावली. त्यानंतरच्या पुनर्बांधणीचा इतिहास बहुधा अभियंत्यांच्या आणि प्रशासकांच्या बाजूने लिहिला गेला आहे, आणि त्यात बांधलेल्या घरांची संख्या ठळक दिसते. त्या घरांविषयी कोणाला केव्हा विचारले गेले हा धागा धरला, तर त्याच कार्यक्रमाची दोन अगदी वेगळी रूपे हाती लागतात.

या इतिहासाला एक पूर्वपीठिका आहे. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेली रोजगार हमी योजना ही नांदेड-लातूरच्या कोरडवाहू पट्ट्यातील बायका आणि शासकीय नियोजन यांची पहिली मोठी गाठभेट होती. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते, खडी फोडणे अशा कामांवर स्त्रियांचे प्रमाण मोठे असे, कामाचे दर स्त्री-पुरुषांना सारखे ठरवलेले होते आणि कामाच्या जागी सावली, पिण्याचे पाणी व लहान मुले सांभाळण्याची सोय असावी असे नियमांत लिहिलेले होते. समान दराची ही तरतूद त्या काळच्या शेतमजुरीच्या बाजारात विलक्षण म्हणावी लागेल, कारण शिवारात बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी असणे हे कोणी अन्याय म्हणूनही उच्चारत नसे. तरीही तलाव कोठे व्हावा, रस्ता कोणत्या वस्तीपर्यंत न्यावा, हे ठरवताना बाईचा संबंध येत नव्हता. मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, तिचे नाव होते, पण आराखड्यावर तिची छाया नव्हती. मजूर म्हणून मोजली जाणे आणि नियोजक म्हणून धरली जाणे यांतले हे अंतर वीस वर्षांनी किल्लारीत पुन्हा समोर आले.

भूकंपात माणसे मारली ती मुख्यतः घरांनी. या भागातील जुने घर म्हणजे दोन फूट व त्याहूनही जाड, दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळया व फळ्यांवर मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छत. उन्हाळ्यात ते घर थंड ठेवते, त्यावर धान्य-मिरच्या वाळतात, रात्री झोपता येते. मात्र दर पावसाळ्यापूर्वी गळती बंद करण्यासाठी त्यावर नवी माती पडत राहते आणि पिढ्यान्‌पिढ्या छताचे ओझे वाढत जाते. भिंतीत आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन पदर आणि मध्ये माती व चिपांची भर असते. या दोन पदरांना एकत्र सांधणारे आरपार लांब दगड नसले की हादऱ्याने भिंत मधोमध फुगते आणि फुटते. घराची देखभाल, लिंपणे, सारवणे, छताच्या मातीकडे लक्ष ठेवणे ही कामे घरातील बायका करीत आल्या होत्या. भिंत कोठे ओल धरते आणि कोठे पोकळ वाजते हे त्यांना ठाऊक होते. बांधकामाची भाषा मात्र गवंड्याची आणि पुढे अभियंत्याची राहिली, आणि हे ज्ञान ‘तांत्रिक’ या शब्दात बसले नाही.

जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने १९९४ मध्ये महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. त्यात गावांची तीन गटांत विभागणी होती. पहिल्या गटातील बावन्न गावे पूर्णपणे उठवून नव्या जागी वसवायची होती, दुसऱ्या गटातील बावीस गावे आहे त्याच ठिकाणी पुन्हा बांधायची होती, आणि तिसऱ्या गटात तेरा जिल्ह्यांतील दोन हजारांहून अधिक गावांतली सुमारे एक लाख नव्वद हजार घरे दुरुस्त व मजबूत करायची होती. स्थलांतरित गावांत घराचे क्षेत्रफळ जमिनीवर ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून मोठ्या खातेदाराला ७५० चौरस फूट. हा निकष प्रशासनाला सोयीचा होता, कारण त्याचा पुरावा सातबाऱ्यावर तयार मिळत होता. सातबारा हा जमिनीचा मालकी आणि पीकपाणी नोंदवणारा उतारा, आणि त्यावर स्त्रीचे नाव सहसा नवरा गेल्यानंतर वारस म्हणूनच चढत असे. म्हणजे कोसळलेल्या घराची भरपाई घराने नव्हे, शिवाराने ठरवली, आणि शिवारात बाईची नोंद क्वचितच होती.

येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. राज्याचे पहिले महिला धोरण १९९४ च्या जून महिन्यातलेच, आणि २२ जून १९९४ पासून हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने केलेली दुरुस्ती लागू होऊन, त्या तारखेपूर्वी विवाह न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मतः वाटा मिळाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८९ पासून ‘लक्ष्मीमुक्ती’ या नावाने बायकोच्या नावे जमीन करून देण्याची मोहीमही चालवली होती. एकाच राज्यात एकाच सुमारास एक हात स्त्रीला जमिनीची वारस करीत होता आणि दुसरा हात जुन्या सातबाऱ्यावरून घरे मापीत होता. हे दोन्ही हात एकमेकांच्या कामापासून अनभिज्ञ होते, असेच म्हणावे लागते.

नव्या गावांचा आराखडा हा शहरी वसाहतीचा आराखडा होता. सरळ रेघांचे रुंद रस्ते, सारख्या आकाराचे भूखंड, एकमेकांपासून सुटी घरे आणि जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरलेला विस्तार. जुन्या गावात गल्ली अरुंद, घरे भिंतीला भिंत लावून. ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत, पुरुष बसत आणि बायका मागच्या अंगाने एकमेकींच्या घरी जात. मोकळ्या चौकात चूल, धुणे, निवडणे-टिपणे चाले. नव्या घरात हा आडोसा उरला नाही. शेजार चिठ्ठ्यांनी किंवा क्षेत्रफळाच्या गटाने ठरल्यामुळे भावकी आणि जिवाभावाची घरे दूर फेकली गेली, आणि मोठे खातेदार एकीकडे व भूमिहीन दुसरीकडे अशी वस्तीची वाटणी झाली. शासनाने आणि देणगीदार संस्थांनी बांधून दिलेली ही घरे भूकंपाला टिकाऊ होती, त्याबाबत शंका नाही. परंतु चुलीचा धूर कोठून जाईल, धान्य कोठे राहील, सरपण कोठे रचायचे या गोष्टी आराखड्यावर नसल्यामुळे लोकांनी पुढच्या काळात पत्रे, कुडाच्या भिंती आणि ओसऱ्या जोडून आराखडा आपापल्या परीने सुधारला. या जोडकामाकडे अतिक्रमण म्हणून न पाहता, न विचारलेल्या प्रश्नांची उशिरा मिळालेली उत्तरे म्हणून पाहिले, तर मूल्यमापनाचे साधन आयतेच सापडते.

दुरुस्तीच्या गावांत चित्र निराळे होते. तेथे सरकारने घर बांधून द्यायचे नव्हते. घरमालकाला हानीच्या प्रमाणात १७,००० किंवा ३४,००० रुपये हप्त्यांनी द्यायचे आणि बांधकाम त्याने करायचे अशी पद्धत होती. रक्कम अपुरी, गावे विखुरलेली, कनिष्ठ अभियंते मोजके, आणि लोकांना ‘मजबुतीकरण’ म्हणजे नेमके काय हेच पटत नव्हते. माळवद पाडून छत हलके करा, भिंतीतून आरपार दगड घाला, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे आधार द्या, हा सल्ला मृत्यू पाहिलेल्या माणसाला थिटा वाटे. दगडावरचा विश्वासच उडाला होता. बहुसंख्य कुटुंबांनी जुने घर सावरण्याऐवजी त्या पैशांत विटा-सिमेंटची एक नवी खोली उभारली. अशा स्थितीत शासनाला गावोगाव कोणीतरी बोलणारे हवे होते, आणि या गरजेतूनच ‘संवाद सहायक’ हे पद जन्मले.

दुरुस्ती कार्यक्रमातील लोकसहभागाचे काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आले. तिच्या प्रमुख प्रेमा गोपालन मुंबईतील स्पार्क या संस्थेच्या संस्थापक मंडळींपैकी होत्या, आणि भायखळ्याच्या पदपथवासी बायकांनी स्वतःच्या घरांची मोजणी व आराखडे स्वतः करण्याचा जो पायंडा पाडला होता, त्याची ओळख त्यांच्यासोबत मराठवाड्यात आली. गावोगावची महिला मंडळे बहुतेक कागदावर होती. ती जागी करून त्यांतल्या बायकांना संवाद सहायक नेमण्यात आले आणि हे काम सुमारे बाराशे गावांपर्यंत पोचले. काम वरकरणी साधे होते : लाभार्थ्यांची यादी समजावणे, हप्ता का अडला ते विचारणे, अभियंता आला की घरोघरी नेणे, भिंतीत, हादऱ्यात ती बांधून ठेवणारा आडवा पट्टा घातला की नाही ते पाहणे. पण यासाठी बाईला तहसील कचेरीत जाऊन टेबलापुढे उभे राहावे लागले, नमुना घरावर गवंड्याशी वाद घालावा लागला, ग्रामसभेत आकडा सांगावा लागला. सून म्हणून जिचा पदर गावात खाली येत नव्हता, तिला सरकारी कामाची चिठ्ठी हातात असल्यामुळे परक्या वस्तीतही शिरता येऊ लागले. येथे एक कटू सत्यही आहे. दलित वस्तीतील आणि भूमिहीन घरांतील बायकांना हे पद सहज मिळाले नाही, कारण लिहिता-वाचता येणे आणि दिवसाची मजुरी बुडवू शकणे या दोन अटी न लिहिलेल्या असूनही लागू होत्या.

शासनाने हे पद समतेसाठी निर्माण केले नव्हते, पैसा घरापर्यंत नीट पोचावा म्हणून केले होते. समता तेथे आडवाटेने आली. स्त्री अभ्यासात मॅक्सिन मॉलिन्यू आणि कॅरोलाइन मोझर यांच्यामुळे रूढ झालेला एक भेद येथे उपयोगी पडतो. व्यावहारिक गरजा म्हणजे पाणी, घर, मजुरी यांसारख्या आहे त्या भूमिकेत राहून भागणाऱ्या गरजा. व्यूहात्मक गरजा म्हणजे मालकी, निर्णयाधिकार, हिंसेपासून मुक्तता यांसारख्या, ज्या भूमिकाच बदलतात. मोझर यांचे लिंगभावविषयक नियोजनावरील पुस्तक १९९३ मध्येच, भूकंपाच्याच वर्षी, आले. या भेदाने पाहिले तर स्थलांतरित गावांनी व्यावहारिक गरज भरभक्कम भागवली आणि व्यूहात्मक प्रश्न जमिनीच्या निकषात गाडून टाकला. दुरुस्तीच्या गावांत व्यावहारिक गरज अर्धवट भागली, परंतु कचेरी, गवंडी आणि ग्रामसभा यांच्याशी बायकांचा व्यवहार सुरू झाला. कोणत्या गावाला ‘यशस्वी’ म्हणावे हे मोजपट्टीवर अवलंबून आहे. बैठकीला किती बायका हजर होत्या हा आकडा दोन्हीकडच्या अहवालात सारखाच लिहिता येतो, म्हणूनच तो निरुपयोगी आहे. आराखडा किती उघडा होता, म्हणजे बैठकीनंतर त्यात काही बदलू शकत होते काय, हे विचारले की फरक कळतो. जितके आधी ठरलेले, तितके बायकांना विचारण्याजोगे कमी, असा या दोन गटांच्या तुलनेतून निघणारा हिशेब आहे.

इतर आपद्ग्रस्त भागांशी झालेली अनुभवाची देवाणघेवाणही अशीच, आधी सगळे न ठरवता झाली. १९९५ च्या बीजिंग येथील जागतिक महिला परिषदेच्या आगेमागे तळागाळातील स्त्रियांच्या संघटनांची जी आंतरराष्ट्रीय जाळी विणली गेली, त्यांच्यामार्फत मराठवाड्यातील बायका आपल्या भागाबाहेर पडल्या. १७ ऑगस्ट १९९९ च्या तुर्कस्तानातील भूकंपानंतर तेथील स्त्री संघटनांशी भेटी झाल्या, आणि २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छमध्ये गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूपर्यंत हा संपर्क पोचला. ‘उत्तम कार्यपद्धती’ हा शब्द अशा वेळी दस्तऐवजांत येतो आणि त्यातून एखादे तयार सूत्र उचलून नेता येईल असा समज होतो. प्रत्यक्षात नेण्याजोगे सूत्र फारसे नव्हते. दगड-मातीची भिंत तुर्कस्तानच्या काँक्रीटच्या इमारतीला काही शिकवू शकत नव्हती. गेली ती भेटीची पद्धत : ढिगाऱ्याजवळ बसून दुसरी भूकंपग्रस्त बाई काय सांगते ते ऐकायचे, यादीत नाव कसे लावून घ्यायचे ते विचारायचे, अधिकाऱ्याशी बोलताना गटाने जायचे. भाषा वेगळी असूनही हे चालले, कारण कचेरीसमोरच्या रांगेला भाषांतर फारसे लागत नाही.

पुढची दोन दशके या बायकांच्या वाटा बचत गट, पाणी, आरोग्य आणि शेती अशा फुटल्या. त्यांतील शेतीची वाट लातूर, धाराशिव, सोलापूर आणि नांदेड या जिल्ह्यांना जोडते. लागोपाठच्या दुष्काळांत, ज्यांचा शेवट २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणण्यापर्यंत गेला, स्वयं शिक्षण प्रयोगाने एक एकराचा नमुना पुढे आणला : सोयाबीन किंवा उसाऐवजी घरच्या जमिनीतील एक एकर, कधी अर्धाच, बाईकडे सोपवायचा, तिने कडधान्य, ज्वारी-बाजरी, भाजीपाला अशी मिश्र पिके कमी पाण्यात घ्यायची आणि आधी घरचे ताट भरून उरलेले विकायचे. या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. मूल्यमापनाच्या दृष्टीने हा नमुना १९९४ च्या घराच्या नकाशापेक्षा उजवा आहे, कारण कोणते बी, किती पाणी, विकायचे की राखायचे, हे निर्णय बाईच घेते. पण तो एकर तिला मिळतो तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या खात्यातून, मागून आणि मनवून. पीकविमा, कर्ज, अनुदान आणि भरपाई यांच्या दाराशी ती पोचते तेव्हा पुन्हा तोच उतारा मागितला जातो, ज्यावरून कधीकाळी नव्या गावांत २५०, ४०० की ७५० चौरस फूट हे ठरले होते.